निळीचा आळ

मी कोंबडी बोलतेय. हसू नका. बोलणाऱ्या माणसांनी जगाचं काय मोठं भलं करून ठेवलंय, की कोंबडीने तोंड उघडलं तर बिघडावं? आणि हे माझं बोलणं अंडं घातल्यावरचं कोकलणं नव्हे. कोकलणं मला कधी जमलंच नाही. माझ्या आयुष्याचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मला सातवं वर्ष चालू आहे. एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात मी एकटी राहते. चारी बाजूंनी दोऱ्यांवर चादरी वाळत असतात. वारा असला की त्या फडफडतात, नसला की भिंतीसारख्या उभ्या राहतात. दिवसदिवस मला पांढऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. दुसरी कोंबडी तर नाहीच. बोलायला कुणी नसलं की जीव स्वतःशीच बोलायला लागतो. आता तुम्ही आहात, तर तुमच्याशी बोलते.

आधी रूप सांगते. माझा निकाल रूपावरूनच लागला.

माझा बाप अर्ध्या निळ्या वंशाचा होता. म्हणजे त्याच्या बापाकडच्या कोंबड्या आकाशी कवचाची अंडी घालायच्या आणि आईकडच्या साधी तपकिरी. बापाला गालमिशा होत्या, गळ्याखाली दाढी होती, पाय पाटीच्या रंगाचे होते आणि डोक्यावर बसका तुरा होता, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत चिकटवावेत तसा. माझी आई चॉकलेटी अंड्यांच्या घराण्यातली. जाडजूड, काळीभोर, मानेवर तांब्याची झाक, नडग्यांवर पिसं, आणि तुरा करवतीच्या पात्यासारखा एकेरी, उभा.

या दोघांची आम्ही नऊ पिल्लं. कुणी बापाचं नाक घ्यावं, कुणी आईचे पाय, तसं आमच्यातही झालं. एका बहिणीने बापाकडून सगळं उचललं: दाढी, गालमिशा, बसका तुरा, पाटीसारखे पाय. तिचं नाव दाढीच पडलं. माझ्या वाट्याला आईचा उभा तुरा आला, पिवळट पाय आले, आणि नडग्यांवर पिसांची दोन-चार खुंटं. ती अशी, की न्हाव्याने अर्धं काम टाकून जेवायला जावं. दाढी नाही, मिशी नाही. मला नावही ठेवलं नाही कुणी. 'ती उभ्या तुऱ्याची', बस्स.

पण बापाची एक गोष्ट माझ्याकडे आली होती. ती बाहेरून दिसत नव्हती.

अंड्याच्या रंगाचं शास्त्र सोपं आहे. निळा रंग कवचात मुरलेला असतो. अंडं फोडा, आतूनही निळंच. तपकिरी रंग मात्र शेवटच्या घटकेला वरून चढतो, भिंतीला रंगाचा हात द्यावा तसा. निळ्यावर तपकिरी चढला की अंडं हिरवं दिसतं. तपकिरी जितका दाट, तितकं हिरवं गडद. माझ्या आत बापाचा निळा होता आणि आईचा चॉकलेटी, दोन्ही. त्यामुळे माझं अंडं जुन्या दगडावरच्या शेवाळासारखं व्हायचं. तसं अंडं त्या खुराड्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आणि हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

आमची मालकीण आक्का. तिचा धाकटा भाऊ बुकबाइंडर. दोघांनीही लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला विचारूही दिलं नाही. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं: पुठ्ठे, खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं, आणि कागद कापायचं मोठं पातं. भाऊ कापायचा आणि आक्का शिवायची. पुस्तकांच्या कडा कापून निघालेली कागदाची कात्रणं आमच्या खुराड्यात अंथरायला यायची. कुणाच्या वकिलीच्या, कुणाच्या कवितांच्या, कुणाच्या हिशेबाच्या कागदांवर आम्ही बसायचो. उबेला सगळे सारखेच.

आक्काची शाळा चौथीत सुटली होती. पण वंशावळीच्या बाबतीत तिच्यापुढे उभं राहायची कुणाची छाती नव्हती. अकरा वर्षं पिल्लं काढून, बघून, पुन्हा काढून ती सगळं स्वतः शिकली होती. कात्रणांवर पेन्सिलीने तुरे काढून ठेवायची आणि शेजारी अंड्याचा रंग लिहायची. भाऊ थट्टा करायचा.

"आक्का, माणसांच्या पत्रिका बघितल्या असत्यास तर नाव झालं असतं."

"माणसं जुळवून काय करू? अंडी थोडीच घालणार आहेत!"

या अकरा वर्षांतून तिने एक नियम काढला होता: आमच्या बापाच्या वंशात बसका तुरा असला की अंडं रंगीत, उभा असला की साधं तपकिरी. तुरा आणि निळा रंग एकमेकांचं बोट धरून येतात. नियम खरा होता. मी खोटं सांगणार नाही, शंभरातल्या पंचाण्णव जणींना तो लागू पडायचा. पण बोट कधीतरी सुटतं. माझ्यात सुटलं होतं.

"तुरा खोटं बोलत नाही," आक्का म्हणायची. तुरा बोलतच नाही, हे तिला कुणी सांगायचं?

नियमाप्रमाणे उभ्या तुऱ्याच्या माझ्या बहिणी पिल्लं असतानाच बाजारात गेल्या. मी राहिले ती शांत स्वभावामुळे; अशी कोंबडी खुडूक चांगली बसते, हा आक्काचा अंदाज. तो खरा ठरला. एकदा अंड्यांवर बसले की एकवीस दिवस हलायचे नाही. दाढी दोन दिवस बसायची आणि तिसऱ्या दिवशी किडे वेचायला पळायची. म्हणून दुसऱ्यांची अंडी उबवायला आक्काने मला ठेवून घेतलं. दाई म्हणा हवं तर.

त्याआधीच पहिलं शेवाळी अंडं पेटीत पडलं होतं. मी पहाटे उजाडताच घालायचे आणि गुपचूप उठून जायचे. माझ्यामागून दाढी पेटीत शिरायची, अंडं बघायची आणि गावभर ऐकू जाईल असं कोकलायची. आक्का धावत यायची. पेटीत दाढी, दाढीखाली शेवाळी अंडं. याहून वेगळा पुरावा कोण मागणार? दाढीचं स्वतःचं अंडं पाणी घातलेल्या दुधासारखं फिकट हिरवं. ते मागून पडायचं आणि दुसऱ्याच कुणाच्या नावावर जायचं. माझ्या नावावर आईची चॉकलेटी अंडी लागायची. एक म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कोंबडं झाकून बघतात तरी. कोंबडी उघड्यावर असली तरी दिसत नाही.

ते पहिलं अंडं हातात घेऊन आक्का कितीतरी वेळ दारात उभी होती. मग भावाला म्हणाली, "चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. एकावर तरी माझं नाव आहे का? हा रंग मात्र माझा. हा मी पिढ्यानपिढ्या टिकवून दाखवीन."

"आणि नाही टिकला तर?"

"तर कोंबड्या सोडीन. आणि तुझी खळ ढवळणंही."

तिला आयुष्याकडून एवढंच हवं होतं. गंमत बघा, ती शेवाळी अंडी ती माझ्याच पोटाखाली ठेवायची, दाढीची म्हणून. मी माझीच पिल्लं दुसरीची म्हणून काढली. पिल्लं मोठी झाली की आक्का पुन्हा तुरे बघायची. बसक्या तुऱ्याची ठेवायची, त्यांची अंडी फिकट निघायची. उभ्या तुऱ्याची विकून टाकायची. माझा गडद रंग त्यांच्यातच उतरला असणार, कारण माझ्या पोटी निळा रंग उभ्या तुऱ्याबरोबर निघाला होता. आक्का स्वतःच्याच हाताने आपला रंग बाजारात नेऊन देत होती, आणि घरी येऊन म्हणत होती, "अजून का बरं टिकत नाही?"

मी ओरडायला हवं होतं. सांगितलं ना, जमत नाही.

असं पाच वर्षं चाललं. आई गेली, बाप गेला. मग एक दिवस पुढच्या खोलीतलं पातं थांबलं. भावाचे हात कापायला लागले होते. थरथरत्या हाताला कागदही सरळ कापता येत नाही. दुकान बंद झालं. दोघांनी दुसरीकडे वरच्या मजल्यावर खोली घेतली. मागे हातभर अंगण होतं. घरमालकिणीने बजावलं, पक्षी फक्त दोन.

आक्काने क्षणभरही विचार केला नाही. एक दाढी, दुसरा तरुण कोंबडा. बाकीच्या कोंबड्या ओळखीपाळखीत वाटल्या. माझ्यासाठी लाँड्रीवाली आली. ती आक्काला फार भ्यायची. तशी आक्काला सगळेच भ्यायचे, पण हिचा तर आवाजच बसायचा.

"ने हिला," आक्का म्हणाली. "अंडी साधीच घालते, पण गरीब आहे. एक ऐकून ठेव. तुझ्याकडे नीळ, सोडा, ब्लीच, सगळी विषं. त्यातल्या कशालाही हिची चोच लागली, तर गाठ माझ्याशी आहे."

"नाही हो आक्का. टब झाकून ठेवीन."

मला टोपलीत घालून ती निघाली. आक्काने वळूनही बघितलं नाही. ती दाढीचे पाय पुसत होती.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे माझी तगमग कळेल. कोंबड्यापासून ताटातूट झाली तरी कोंबडीच्या अंड्यांत दोन-तीन आठवडे जीव धरतो. त्यानंतर घालाल ती अंडी नुसती खायची. आणि मी काही तरणी नव्हते. या वयात एखाद-दोन दिवसाआड एक अंडं, तेही थांबेल तेव्हा थांबेल. म्हणजे आक्काच्या त्या रंगाला उरले होते फार तर वीस दिवस आणि माझी पाच-सहा अंडी. ती कुणी उबवली तर रंग राहणार, नाहीतर संपला. हे आक्काला ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईच्या अंगणात मी होते तिला तर नव्हतंच.

पहिले तीन दिवस मी काही खाल्लं नाही. दांडीवर मी एकटीच. तुम्हाला वाटेल, कोंबडीला कसला एकटेपणा? सहा वर्षं झोपताना ज्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी टेकलेलं आहे, त्याला विचारा. मला डावं अंग गार लागायचं. दाढी मला कधी आवडली नव्हती, पण ती ऊबदार होती.

चौथ्या दिवशी मी कपड्यांच्या जुन्या टोपलीत अंडं घातलं. लाँड्रीवाली आली, वाकली आणि किंचाळली.

"अगं बाई! हिरवं?"

तिने अंडं उचललं, उन्हात धरलं, टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. टबात चादरींची नीळ कालवलेली होती. तिचा चेहराच उतरला. "प्यायलीस ना? प्यायलीस ना गं नीळ? आता आक्काला काय सांगू मी!"

ते अंडं कचऱ्यात गेलं.

दुसरं तिने फोडून बघितलं. कवच आतून निळं. मग तर तिची खात्रीच पटली. तिने टबावर पाट ठेवला, पाटावर दगड ठेवला आणि मला दोऱ्यांपलीकडे कोपऱ्यात जाळीत कोंडलं. तिसरं अंडं तिने व्हिनेगर लावून घासलं, शर्टाच्या कॉलरवरचा डाग घासावा तसं. आता वरचा तपकिरी रंग व्हिनेगरने सुटणारच! तो निघाला आणि खालून स्वच्छ आकाशी अंडं वर आलं.

"बघ! नीळच!" ती मला म्हणाली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. "अंगात भिनलीय तुझ्या."

बापाने दिलेला रंग, त्याच्या बापाने त्याला दिलेला, आणि त्याच्यावर आळ निळीच्या पुडीचा! पण तिला कसं हसू? कपडे धुणारीला जग टबातून दिसणार. बुकबाइंडर असती तर म्हणाली असती, शाई प्यायली.

चौथंही तिने घासलं. पाचवं-सहावं घासायचा तिला कंटाळा आला, की हिंमत झाली नाही, कोण जाणे. खळीच्या रिकाम्या डब्यात तिने चारही अंडी लपवली. फोडलेल्या अंड्याचं कवच चुरडून दारातल्या कुंडीत टाकलं. आणि रोज दारात कुणी आलं की दचकायची.

मी मात्र अंडं घातलं की त्यावर बसून राहायला बघायचे. रोज ती मला उठवायची. हळूच उठवायची, शिव्या देत नव्हती, पण उठवायचीच.

पंधराव्या दिवशी आक्का आली. घर बदलताना धुवायला टाकलेले पडदे न्यायला आली होती. मला तिचा आवाज चादरींच्या पलीकडून आला. चिडलेला होता.

"चार अंडी घातली दाढीने, चारही फिकट! जागा बदलली म्हणून असेल म्हटलं, चारा बदलून बघितला. भाऊ म्हणतो, दाढीचा रंग उडालाय की तुझा अंदाज? जीभ बघ त्याची... हे काय आहे?"

"कुठं काय, आक्का?"

"कुंडीत."

"ते होय... ते खत."

"खत मलाही कळतं. मी रंग विचारतेय."

लाँड्रीवालीचा धीर सुटला. "आक्का, शपथेवर सांगते, टब झाकलेला असतो. त्यावर दगड ठेवते मी. कधी प्यायली, खरंच मला माहीत नाही!"

"कोण? काय प्यायली?"

"तुमची कोंबडी. नीळ."

मला वाटलं, आक्का आता हसेल किंवा तिला फाडून खाईल. दोन्ही झालं नाही. ती मटकन एका उपड्या टबावर बसली.

"किती घातली?"

"सहा. एक फेकलं, एक फोडलं. चार आहेत डब्यात. पण मी ती खाल्ली नाहीत हो, कुणाला दिलीही नाहीत. दोन तर घासून स्वच्छसुद्धा केली."

"घासली? कशाने?"

"व्हिनेगरने. वरचं तपकिरी निघालं आणि खाली नीळच नीळ!"

"अगं बये!" आक्का ओरडली. "ती नीळ हिच्या बापाची आहे!"

मग चादरी बाजूला झाल्या आणि आक्का माझ्यासमोर आली. जाळी उघडून तिने मला उचललं. आधी पाय बघितले. मग नडग्यांवरची खुंटं. मग माझा तुरा दोन बोटांत धरून बघत राहिली. एरवी ती तुरा बघायची तो भाजीवाल्याकडची भेंडी बघावी तसा, मोडून. आज तिची बोटं हलत नव्हती.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

"काही झालंय का तुऱ्याला?" लाँड्रीवालीने भीतभीत विचारलं.

"तुऱ्याला काय धाड भरलीय? मी आंधळी." मग माझ्याकडे बघून, हलक्या आवाजात, "तुझ्याकडे बघितलंच नाही गं मी. तुरा बघत बसले."

अकरा वर्षांचा नियम त्या अंगणात मोडला, आणि तो मोडताना बघायला मी आणि एक भेदरलेली लाँड्रीवाली, एवढ्याच दोघी. आक्काला माफी मागता येत नाही. मलाही ती घेता येत नाही. तिने मला खाली ठेवलं आणि पदराने नाक पुसलं. तिला काय वाटलं ते माझ्यापर्यंत पोचलं, असं समजा.

मग ती पुन्हा मूळची आक्का झाली. दिवस मोजले, पंधरा. चार अंडी. त्यातली दोन घासलेली. घासलेल्या अंड्याची वरची साय जाते, ते लवकर नासतं. दोन धड. तिने चारही माझ्या टोपलीत ठेवली.

"बसेल का?" लाँड्रीवालीने विचारलं.

"ते तिला विचार. मी आजपासून कुणाचं काही छातीठोक सांगत नाही."

मी बसले.

त्या एकवीस दिवसांत आक्का एकदिवसाआड यायची. भावालाही घेऊन यायची. तो खुर्चीवर बसून थरथरत्या हाताने चहा सांडायचा आणि बोलायचा. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"बोल. तुझा दिवस आहे."

"ते नियमाचे कागद शिवून देऊ का? छान कापडी पाठ लावून?"

"दे. वर नाव घाल, आक्काची चूक."

आठव्या दिवशी तिने इस्त्रीच्या घोंगडीखाली डोकं घालून बॅटरीच्या उजेडात अंडी तपासली. घासलेल्या दोन्हींमधून उजेड आरपार गेला, रिकामी होती. धड असलेल्या दोन अंड्यांत तिला काही दिसेना. शेवाळी कवचातून उजेड धड जातच नाही. घोंगडीखालून तिचा आवाज आला, "काही कळत नाही. ठेवून देते." आक्काच्या तोंडून 'कळत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं.

एकविसाव्या दिवशी काहीच नाही. बाविसाव्या दिवशी दुपारी, सगळ्या चादरी वाऱ्यावर फुगलेल्या असताना, माझ्या छातीखाली टकटक झाली. एकच पिल्लू. दुसरं अंडं शेवटपर्यंत गप्प राहिलं.

पुढचे आठ आठवडे माझ्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, कारण मी सुखात होते. डाव्या अंगाला ऊब होती. एवढं पुरे.

पोरीला तुरा फुटला. उभा, एकेरी, करवतीच्या पात्यासारखा. लाँड्रीवाली हळहळली. "आक्का, हिचाही उभाच!"

"मला सांगू नको," आक्का तोंड फिरवून म्हणाली. "अंडं घालेपर्यंत मी हिच्याबद्दल काही बोलणार नाही, कुणाचं ऐकणारही नाही."

आणि मग ती पोरीला न्यायला आली. रंग पुढे न्यायचा तर पोरीला कोंबड्यापाशी ठेवायलाच हवं. लाँड्रीवाली म्हणाली, "आक्का, हिलाही न्या ना. एकटी पडेल. मी मेली दिवसभर भट्टीपाशी, हिच्याशी बोलणार कोण?"

"घरमालकीण दोनच म्हणते. कोंबडा हवा, पोर हवी. दाढीलाही आज एका शाळेच्या शिपायाकडे पोचवून आले." आक्काने माझ्याकडे बघितलं. या वेळी नीट बघितलं. "ही अंडी घालायची थांबलीय. हिला नेलं तर पोरीला इथेच ठेवावं लागेल. मला तसं करता येणार नाही. मी वाईट बाई आहे म्हणून समज."

मी तिला वाईट म्हणत नाही. मीही अंड्यांसाठी सगळं जग विसरणारी. पण पोर टोपलीतून ओरडत गेली, तो आवाज गल्लीच्या वळणापर्यंत येत होता, आणि त्यानंतर आला नाही.

त्याला पाच महिने झाले. पोर मला विसरली असेल. कोंबड्यांत आठवण ठेवायची रीत नाही, आणि तेच बरं. माझ्यातच ही खोड कुठून आली, आईकडून की बापाकडून, ते आक्काच्या कागदांतही सापडणार नाही. मी पिसं टाकली, ती पुरती परत आली नाहीत. लाँड्रीवाली चांगली आहे. जाळी कधीच काढून टाकलीय तिने. ती येता-जाता "काय गं, निळे?" म्हणते. माझं पहिलं नाव. उशिरा मिळालं, पण मी त्याला ओ देते.

आज सकाळी आक्का आली. पडदे नव्हते, भाऊ नव्हता. ती थेट चादरींतून वाट काढत माझ्याकडे आली, खाली बसली, आणि तिने रुमाल सोडला. आत एक अंडं होतं. पहिलटकरणीचं, लहानसं, जरा लांबट. आणि रंग शेवाळी. माझ्याहूनही एक छटा गडद.

"आज पहाटे," ती म्हणाली. "घातलं आणि गुपचूप उठून गेली. कोकलली नाही."

लाँड्रीवाली हात पुसत आली, बघून हरखली. "मिठात ठेवा नाहीतर भुशात ठेवा, आक्का, पण जपून ठेवा! पहिलं आहे."

आक्काने ते अंडं माझ्या डोळ्यांसमोर धरून ठेवलं होतं. मला दुसरं काय येतं? मी मान पुढे केली, चोचीने ते तिच्या हातातून ओढलं आणि पोटाखाली घेतलं. गार होतं.

"अगं बाई, घेतेय ती! काढा, आक्का, फोडून टाकील!"

"असू दे," आक्का म्हणाली. एकही शेवाळी अंडं आजवर कुणाला न दिलेली आक्का. गुडघ्यावर हात टेकून उठली, रुमालाची घडी घातली, आणि चादरी बाजूला करत गेली.

पहिल्या अंड्यातून सहसा काही निघत नाही. ते मला माहीत आहे, आक्कालाही माहीत आहे. लाँड्रीवालीला माहीत नाही, ती चार दिवसांनी कुतूहलाने येईल आणि हळूच माझ्या पोटाखाली हात घालील.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. माझ्याकडून आता कुणाला काही व्हायचं नाही, आणि मलाही कुणाकडून काही नकोय. फक्त एकवीस दिवस मला उठवू नका. बावीस म्हणा.